चेन नसलेली सायकल

रायपूर, १८ नोव्हेंबर २०२५

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही. विसरले नाही, रागावले आहे. फोन करणार होते, पण तू हॅलो म्हणायच्या आत माझा आवाज चढतो आणि मग तुझ्या पुण्यातली रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही, तेव्हा हे शेवटपर्यंत वाच.

विषय आपल्या पद्मिनीआजीचा आहे. आई गेली त्यानंतरच्या वर्षी तू इथल्या मराठी मंडळींच्या स्नेहवर्धक समाजाच्या स्मरणिकेत लेख लिहिलास, की आजी ही रायपूरची पहिली महिला सायकलस्वार. नऊवारी नेसून ती ब्राह्मणपाऱ्यातून सायकलवर निघायची आणि लोक दारात उभे राहून बघायचे. सोबत तिचा सायकलजवळ उभा असलेला फोटो. मी तेव्हाच तुला म्हटलं होतं, दादा, आजीने जन्मात सायकल चालवली नाही, ती सायकल फोटोवाल्याची होती. तू म्हणालास, "निवेदिता, तुझा पाय ओढायचा स्वभाव काही जात नाही." तेव्हापासून नीट बोलणं बंद. माझ्या मोनालीच्या लग्नालासुद्धा, सख्ख्या भाचीच्या, तू कुरिअरने साडी पाठवलीस. साडी चांगली होती हे मान्य करते.

तर तुझी ती सायकल आता माझ्या वर्गात आली आहे.

मी समाजाच्या शाळेत नववीला सामाजिक शास्त्र शिकवते. यंदा कॉम्प्युटरचा तासही माझ्या गळ्यात पडला. मुलं नेटवर जे पहिलं दिसेल ते उचलतात आणि प्रोजेक्टमध्ये चिकटवतात, म्हणून मी त्यांना तीन प्रश्न शिकवले. हे कोण म्हणतं? त्याला कसं कळलं? आणि दुसरंही कोणी तेच म्हणत असेल, तर तो पहिल्याचंच वाचून तर म्हणत नाही ना? तिसऱ्या प्रश्नाला मुलं आधी अडखळली, मग त्यांना त्याचा नादच लागला. दिवाळीच्या सुट्टीत काम दिलं, की रायपूरबद्दल लोक सांगतात अशी एखादी गोष्ट निवडा आणि ती नेटवर मुळात कुठून आली ते शोधून काढा.

वर्गात टिकेश्वरी साहू नावाची मुलगी आहे. वडील गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला. घर पुरानी बस्तीच्या पलीकडे, तिथून समता कॉलोनीतल्या आमच्या शाळेत पायी येते आणि पायी जाते. तुझा लेख आल्यापासून समाज दर जानेवारीच्या स्नेहसंमेलनात आजीच्या नावाने एका मुलीला सायकल देतो. यंदा ती टिकेश्वरीला जाहीर झाली. सुट्टीआधी ती मला म्हणाली, "मैडम, जिनके नाम की सायकिल मिलेगी, मैं उन्हीं पर करूँ? थैंक्यू जैसा हो जाएगा."

मी काय म्हणणार होते? कर म्हटलं.

तिने आधी एआयला विचारलं. त्याने सांगितलं की आजीची सायकल लाल होती आणि विलायतेहून आली होती. फोटो काळा-पांढरा आहे, दादा. लाल कशावरून, असं तिने विचारलं, तर त्याने माफी मागितली आणि हिरवी सांगितली. मग तिने तो नाद सोडला. नेटवरच्या ज्ञानकोशात आजीचं नाव सापडलं, खाली आधार म्हणून एका हिंदी पेपरातला महिला दिनाचा लेख. त्या लेखात आधार समाजाच्या वेबसाइटचा. वेबसाइटवर तुझा लेख. आणि गेल्या वर्षी तू तो लेख पुन्हा सजवून टाकलास, त्यात आधार कुणाचा दिलास? त्याच हिंदी पेपराचा. पोरीने कागदावर नावं लिहून बाण काढले, तर बाण निघाले तिथेच परत आले. "मैडम, ये तो गोल-गोल घूम रहा है," म्हणाली.

मग फोटो. तो तू स्वतः इतका छान मोठा स्कॅन करून टाकला आहेस की विचारू नकोस. तिच्या गटाने तो कॉम्प्युटरवर वाढवत नेला. चाकाखाली वीट आहे. पेडल एकच आहे. आणि सायकलला चेन नाही. वर्ग माझ्याकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी टिकेश्वरीने घरच्या भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून आणला. तिचे पणजोबा कोट घालून उभे, तीच सायकल, मागे रंगवलेल्या पडद्यावरचा तोच खांब, कोपऱ्यात पोपडा उडालेला. गोल बाजारातल्या त्या फोटोवाल्याने निम्म्या रायपूरला सायकलस्वार केलं असणार.

मी तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. पण शेवटी तिनेच विचारलं, "मैडम, आप तो उनकी पोती हैं. आपने कुछ सुना था?" तेव्हा सांगितलं. आजी आपल्या दोघांना पुढ्यात बसवून सांगायची, "तो म्हणे बाई, नुसत्या काय उभ्या राहता, हात ठेवा सीटवर. मी भेऊन राहिली होती का पडली तर भरून द्या लागन." तू पोट धरून हसायचास. मुलांनी ते उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, 'पोती घर की है, इसलिए दूसरा प्रमाण भी चाहिए.' मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मग त्यांनी तुझ्या लेखाखालच्या पत्त्यावर तुला मेल केली. तू उत्तर दिलं नाहीस.

शाळेच्या प्रदर्शनातल्या तक्त्यावर तिने शेवटी एवढंच लिहिलं, 'पद्मिनीबाई सायकिल चलाती थीं, इसका प्रमाण हमें नहीं मिला.' खोटं आहे असं म्हटलंसुद्धा नाही. कुणीतरी त्याचा फोटो समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि सकाळपासून माझा फोन वाजतो आहे.

तू समाजाला एक ओळ लिही. की मी हे ऐकीव लिहिलं, किंवा मनाने लिहिलं, तुला जे म्हणवत असेल ते. हे सगळं मुलीच्या सायकलीवर येईल असं दिसतंय.

निवेदिता

*

रायपूर, २९ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. जोडलेले हात आणि खाली 'इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार?' पत्राला व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, हेही नसे थोडके. उकरलं कुणी? गाडलं कुणी ते आधी सांग.

समाजाची बैठक झाली. रामकृष्णकाका अध्यक्ष आहेत हे तुला माहीत आहेच. बाबांचे दोस्त, आपल्याला खांद्यावर घेऊन फिरलेले, त्यांच्यापुढे मला आवाज चढवता येत नाही याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. म्हणाले, "अवं निवेदिता, घरच्याच बाईचं नाव काहून बुडवून राहिली तू?"

मी म्हटलं, काका, टिकेश्वरी चुकली कुठे ते दाखवा.

"चुकली का नाही ते मले काय ठाऊक? नेटवर चार ठिकाणी छापून आहे. चार ठिकाणचे लोक खोटे अन् एक पोट्टी खरी? अन् लिहिलं कोणं, आपल्या यज्ञेश्वरनं. तो खोटं लिहीन का?"

चारही ठिकाणी तूच आहेस, हे मी त्यांना बाण काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कागद बघितला आणि म्हणाले, "पाह्य, म्हणजे किती लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला." या माणसाला काय सांगावं.

ठरलं ते असं. स्नेहसंमेलनात टिकेश्वरीने स्टेजवर माफी वाचायची. वाचली तर सायकल. नाही वाचली तर सायकल दुसऱ्या मुलीला आणि प्रोजेक्टला शून्य. प्राचार्य मॅडम माझ्या शेजारी बसून मान हलवत होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बच्ची का ही फायदा है, निवेदिता जी, सायकिल तो मिल रही है ना." 

मुलीचा फायदा कशात आहे हे या शहरात सगळ्यांना कळतं, फक्त ती खरं बोलली हे कुणाला दिसत नाही.

रामकृष्णकाकांचा तुझ्यावर विश्वास आहे, दादा, तो तुझ्याच कामी आण. तुझी ओळ आली तर ते ऐकतील. माझ्या बोलण्याचा उपयोग नाही, मी 'पोती' आहे, घरची नात, आणि वर भांडकुदळ.

निवेदिता

*

रायपूर, ९ डिसेंबर २०२५

दादा,

या वेळी तू चांगलं लांब लिहिलंस. तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. 'आजीच्या गोष्टीमुळे दर वर्षी एका मुलीला सायकल मिळते. सत्यामुळे कुणाला सायकल मिळाली?' व्याख्यानात हे वाक्य चांगलं वाजेल. पुण्यात टाळ्याही पडतील.

पण तू हे मला लिहितो आहेस, आणि मी त्या मुलीला रोज बघते. सायकल समाजाच्या वर्गणीतून येते, तुझ्या लेखातून येत नाही. आजी सायकल चालवत नव्हती असं कळलं असतं तर काय समाजाने मुलींना पायी चालवलं असतं? मुलीला सायकल द्यायला तिची गरज पुरेशी असते. मुलींनी धीट व्हावं म्हणून तू ही गोष्ट रचलीस म्हणतोस, आणि पहिली जी मुलगी धीट झाली तिलाच त्या गोष्टीपायी माफी मागायला लावतो आहेस. तुला यात काहीच चमत्कारिक वाटत नाही?

आणि आजीचं काय? आजी भित्री होती. रस्ता ओलांडताना माझा हात इतका घट्ट धरायची की बोटं दुखायची. रिक्षात बसली की डोळे मिटून रामरक्षा. पण गोल बाजारात पितळेच्या पातेल्यासाठी दुकानदाराशी हुज्जत घालायला लागली की तिचा आवाज चौकापर्यंत जायचा. मला ती आजी आवडायची. मला ती रोज आठवते. तुला ती पुरली नाही, म्हणून तू तिच्या जागी दुसरीच कुणीतरी बाई सायकलवर बसवलीस. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे आणि तो सात पत्रं लिहिली तरी जाणार नाही.

माझ्याकडे सध्या लिहायला वेळ आहे. ग्रंथालयाचं काम दिलं आहे, पुस्तकांना कव्हरं घालते. छान काम आहे. तिथे ऊन येतं.

टिकेश्वरी आणि तिची आई परवा घरी आल्या होत्या. आई बिचारी घाबरलेली. मुलीला म्हणत होती, "पढ़ दे नोनी, दू लाइन तो हे." दोन ओळीच तर आहेत. मी त्या बाईला कशाला दोष देऊ? तिला मुलीचे पाय दिसतात. टिकेश्वरी रडली नाही. मला म्हणाली, "मैडम, मैं पढ़ दूँगी. पर लिखूँ क्या? गलती कौन-सी लिखूँ?"

तिचा प्रश्न जसाच्या तसा तुला पाठवते आहे. तुला उत्तर येतं का बघ.

निवेदिता

*

रायपूर, २१ डिसेंबर २०२५

दादा,

रामकृष्णकाकांकडून कळलं की यंदा प्रमुख पाहुणा तू आहेस, आणि तू हो म्हणालास. त्यानंतर तुझा मेसेज, 'येतो आहे. स्टेजवरूनच सगळं बोलतो. असल्या गोष्टी प्रत्यक्ष बोललेल्या बऱ्या.'

मी तो मेसेज वाचून खुर्चीत बसून राहिले. खरं सांगते, रडले. दादा, इतक्या वर्षांनी तू घरी येणार आणि तेही हे बोलायला. मी पत्रांत लिहिलेलं थोडं मागे घेते. सगळं नाही.

तुझी खोली झाडून घेतली आहे. गादीला ऊन दिलं. तुला अजून ज्वारीची भाकर चालते की पुण्याने तेही सोडवलं?

एक सांगायचं राहिलं होतं, लपवलं म्हण हवं तर. ग्रंथालयाचं काम मला हौसेने दिलेलं नाही. नववीचा वर्ग माझ्याकडून काढला आहे. मुलीकडून माफी वाचून घेतली तर जानेवारीत परत देतील, असं प्राचार्य मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. मी मुलीला वाच असंही म्हटलं नाही आणि नको वाचू असंही नाही. सायकल तिची जायची आहे, माझी नाही. तुला आधी सांगितलं नाही कारण तू म्हणाला असतास, बघा, स्वतःसाठी चाललंय. तर ते स्वतःसाठीही आहेच. मला तो वर्ग हवा आहे. त्या जागी आता कॉम्प्युटर शिकवायला एक भैया येतात, ते फळ्यावर वेबसाइटची नावं लिहून देतात आणि मुलं उतरवून घेतात.

बहीण
निवेदिता

*

रायपूर, ३ जानेवारी २०२६

दादा,

घाईत लिहिते आहे, स्पीड पोस्टने टाकते. तू निघायच्या आत मिळायला हवं.

कार्यक्रमपत्रिका छापून आली. तीत आधी ईशस्तवन, मग अहवाल, मग 'विद्यार्थिनीचं निवेदन'. ते निवेदन म्हणजे माफी. मग तुझ्या हस्ते सायकल प्रदान आणि त्यानंतर तुझं भाषण. म्हणजे तू बोलेपर्यंत तिची माफी वाचून झालेली असेल. तेव्हा तू सकाळीच रामकृष्णकाकांशी बोल, किंवा तिचं नाव पुकारलं की उठ आणि म्हण, थांबा. पाहुण्याला कुणी खाली बस म्हणत नाही.

तिने काय वाचायचं तेही प्राचार्य मॅडमनी लिहून दिलं आहे. मी वाचलं. 'मुझसे भूल हुई कि मैंने बिना जाँचे लिखा.' बिना जाँचे, दादा. त्या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाने तपासून लिहिलं, आणि तिला म्हणायला लावताहेत की मी न तपासता लिहिलं.

मिळालं की कळव.

निवेदिता

*

रायपूर, ११ जानेवारी २०२६, रविवार

दादा,

तू दुपारचं जेवून आतल्या खोलीत झोपला आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. वेडेपणाच आहे. पण तोंडाने बोलायला लागले तर ओरडेन, आणि तू बॅग भरशील.

माझं आधीचं पत्र तुला मिळालं होतं. तू 'बघतो' असा मेसेज केला होतास. काल सकाळी स्टेशनवरून येताना मी पुन्हा विचारलं. "अगं, बघतो म्हटलं ना, सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं," म्हणालास. इतक्या वर्षांनी गाडीत शेजारी बसला होतास, मला भांडायचं नव्हतं.

काल तिचं नाव पुकारलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तू पहिल्या रांगेत, रामकृष्णकाकांच्या शेजारी, गळ्यात शाल. ती माईकपाशी आली. माईक उंच होता, कुणी खाली केला नाही, तिने टाचा उंचावून वाचलं. 'बिना जाँचे' पाशी ती थांबली. मला वाटलं, आता दादा उठेल. तिलाही वाटलं असावं, कारण तिने कागदावरून मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तू शालीचं टोक नीट करत होतास. मग तिने पुढचं वाचलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने चूक कबूल केली म्हणून. तू तिला सायकलची किल्ली दिलीस, डोक्यावर हात ठेवलास, फोटो निघाला.

आणि मग तू भाषणाला उभा राहिलास. सुंदर बोललास, त्यात वाद नाही. "आज एक कबुली द्यायची आहे. माझ्या आजीने सायकल कधी चालवली नाही. ती सायकल फोटोवाल्याची होती. तिला चालवायला लावली ती नातवाच्या वेड्या मायेने." सभागृह आधी हसलं, मग उभं राहून टाळ्या. रामकृष्णकाकांनी तुला मिठी मारली आणि डोळे पुसले. "असा दिलदार माणूस नाही पाह्यला मी," असं ते माईकवरून म्हणाले. प्राचार्य मॅडम माझ्या कानाशी, "कितनी बड़ी बात कह दी सर ने." 

तीच बात, दादा. शब्दही जवळजवळ तेच, जे मी तुला लेख आला तेव्हा म्हटले होते. टिकेश्वरीने ते तक्त्यावर लिहिलं तेव्हा तो समाजाचा अपमान होता, तू म्हणालास तेव्हा मनाचा मोठेपणा झाला. तिला शोधायला महिना लागला, तुला काहीच शोधायचं नव्हतं, तुला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि एवढ्या भाषणात तू तिचं नाव एकदाही घेतलं नाहीस. ती स्टेजच्या पायरीशी सायकल धरून उभी होती. कुणाला तिची माफी परत द्यावीशी वाटली नाही. ती तशीच नोंदली गेली, आता तीसुद्धा समाजाच्या वेबसाइटवर चढेल, आणि उद्या कुणी शोधलं तर टिकेश्वरी साहूने न तपासता लिहिलं असं सापडेल. आजच्या पेपरात तुझा फोटो आहे. मथळ्यात 'साहस' हा शब्द आहे. तू चहा पिताना तो दोनदा वाचलास.

मला वर्ग परत मिळाला. कालच सांगितलं, हसत हसत, जणू काही झालंच नव्हतं. सोमवारी मी त्या मुलांपुढे उभी राहून काय शिकवणार आहे? कोण म्हणतं ते बघा? ते त्यांनी काल चांगलंच बघितलं.

काल रात्री जेवताना तू म्हणालास, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी तुला भाजी वाढली. तू आलास याचा आनंद झाला होता, दादा, खोटं कशाला सांगू. तो आनंद आणि हा संताप दोन्ही एका ताटात वाढता येत नाहीत, म्हणून नुसती भाजी वाढली.

आता मुद्द्याचं.

तू झोपलास आणि दार वाजलं. टिकेश्वरी होती. सायकल हाताने ढकलत आणली होती, सीटवरचं प्लास्टिक तसंच. मला वाटलं आनंदात दाखवायला आली. तिने विचारलं, "मैडम, सर को पहले से पता था ना?"

मी म्हटलं, हव, ठाऊक होतं.

"मेरा मेल भी मिला था?"

मिळाली होती, असं तू काल गाडीत म्हणालास, तेच मी सांगितलं.

"तो मेरे पढ़ने से पहले क्यों नहीं बोले?"

मी तुला सांभाळून घेतलं, दादा. अजूनही घेते, सवय आहे. म्हटलं, पत्रिकेत त्यांचं भाषण नंतर होतं ना, पाहुणे होते, मध्येच कसं उठणार. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ये तो आप बोल रही हैं मैडम. सर से पूछना पड़ेगा."

मी सांगितलं, सर झोपले आहेत. "कोई बात नहीं, बैठती हूँ," म्हणाली.

ती बाहेर बसली आहे. तिला पाणी दिलं, पोहे दिले. सायकल भिंतीला टेकवली आहे. घरी जा म्हटलं तर मान हलवते. रागावलेली दिसत नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं आहे, आणि विचारायला ती बरोबर ठिकाणी आली आहे.

हा कागद तुझ्या उशाशी ठेवते आणि चहा टाकते. वाचून झालं की तोंड धू आणि बाहेर ये. मी मध्ये बोलणार नाही.

निवेदिता